भाभांची वीस वर्षं आणि फ्यूजनची वीज

सागरगड | शनिवार, सकाळी ७.१०

चोंढीकडून अलिबागला येताना थळच्या कारखान्याचे मनोरे लांबून दिसतात. आम्ही गावकरी त्याला खताचा कारखाना म्हणतो. त्याला लागूनच जड पाण्याचाही कारखाना आहे, १९८७ पासूनचा. खतासाठी जो हायड्रोजन तयार होतो त्यात दर सहा-सात हजार अणूंमागे एखादाच दुप्पट वजनाचा निघतो, तो ड्यूटेरियम; त्याचं पाणी ते जड पाणी. तेवढा वेचून घ्यायचा आणि बाकीचा वायू खताला परत द्यायचा, एवढंच तिथलं काम. मी ३१ वर्षं याच तालुक्यात विज्ञान शिकवलं. केंद्रकीय संमीलनाचा, म्हणजे हलकी केंद्रकं जोडून ऊर्जा काढण्याचा (फ्यूजनचा), धडा आला की मुलांना खिडकीतून ते मनोरे दाखवायचो आणि सांगायचो, "तारा पेटवायचा तर लागणारं इंधन तिथं वेचतात."

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "फ्यूजन काय, कायम तीस वर्षं लांबच." त्याला बघता बघता पंधरा +१ मिळाले. मला ते लागलं, म्हणून हा धागा. उशीर झाला हे मलाही मान्य आहे. पण त्या एका वाक्यात सत्तर वर्षांचं काम झाकून जातं, आणि नवीन मुलांना वाटतं की तिकडे सगळे हातावर हात ठेवून बसलेत.

सुरुवात आपल्याच माणसापासून करतो. ऑगस्ट १९५५, जिनिव्हा. अणूच्या शांततामय वापरावरची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद, अध्यक्षस्थानी होमी भाभा. संमीलनाची ऊर्जा ताब्यात ठेवून मोकळी करण्याची रीत येत्या दोन दशकांत सापडेल, असं भाकीत त्यांनी त्या भाषणात केलं. ती सापडली की जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा सुटेल, कारण समुद्रात जेवढा जड हायड्रोजन आहे तेवढं इंधन हाताशी असेल, असंही ते म्हणाले. म्हणजे १९७५.

भाभा भाबडे नव्हते. त्यांच्या जागी उभं राहून बघा. युरेनियमचं केंद्रक फुटतं हे १९३८ च्या डिसेंबरात कळलं. चारच वर्षांनी शिकागोत पहिली अणुभट्टी चालली, आणि १९५४ मध्ये सोव्हिएत रशियातल्या ओबनिन्स्कची वीज तारांतून वाहू लागली. सोळा वर्षांत शोधापासून दिव्यापर्यंत! हायड्रोजन बॉम्ब १९५२ मध्येच फुटला होता, म्हणजे संमीलन पृथ्वीवर होतं हे सिद्ध झालेलं. अशा वेळी कुणी वीस वर्षं म्हटली तर तो उलट सावध अंदाज म्हणायचा.

मग अडलं कुठं? विखंडनाला, म्हणजे केंद्रक फोडायला, न्यूट्रॉन लागतो आणि न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. तो युरेनियमच्या केंद्रकात सहज शिरतो, तापवावं लागत नाही. संमीलनात दोन्ही केंद्रकं धनभारित, एकमेकांना ढकलणारी. ती भिडायची तर प्रचंड वेगानं पळाली पाहिजेत, आणि वेग म्हणजे तापमान. मुलं इथं हमखास विचारायची, "सर, सूर्याला कसं जमतं?" सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे, पण त्याचं खरं बळ वजनात आहे. आणि तरी तो फार संथ जळतो. त्याच्या गाभ्यातला एक घनमीटर भाग तीनशे वॅटसुद्धा देत नाही. तेवढ्याच आकारमानात माणसं बसवली तर ती त्याहून जास्त उष्णता टाकतील. सूर्य अवाढव्य आहे म्हणून त्याचं भागतं. आपल्याला त्याच्यापेक्षा कितीतरी जोमानं जाळायचंय, म्हणून पृथ्वीवर १५ कोटी अंश लागतात. एवढा तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, कुठल्याही भांड्यात ठेवता येत नाही. मग भांडं चुंबकीय क्षेत्राचं करायचं.

हे भांडं बनवण्यातच पहिली वर्षं गेली. १९५८ मध्ये इंग्लंडच्या हार्वेलला 'झीटा' यंत्रात संमीलन झाल्याचं जाहीर झालं, वर्तमानपत्रांनी पहिलं पान दिलं, आणि काही महिन्यांतच कळलं की ते न्यूट्रॉन उष्णतेमुळे झालेल्या संमीलनाचे नव्हतेच. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत रशियन शास्त्रज्ञ अर्त्सिमोविच यांनी त्यांच्या 'टोकामॅक'चे आकडे मांडले. हे यंत्र मेदूवड्याच्या आकाराचं, भोवती चुंबकांची वेटोळी. एक कोटी अंश, म्हणाले. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा शीतयुद्ध ऐन भरात होतं, तरी रशियनांनी ब्रिटिशांना बोलावलं: तुमचं मोजमाप घेऊन या. कल्हमहून एक तुकडी लेझर आणि टनावारी सामान घेऊन मॉस्कोला गेली. १९६९ मध्ये त्यांनी स्वतः मोजलं. आकडा खरा निघाला.

मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत प्रिय आहे. भाभा तो बघायला नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये मॉन्ट ब्लांकवरच्या विमान अपघातात ते गेले.

त्यानंतरचा हिशेब पाहा. फ्यूजनमध्ये तीन गोष्टींचा गुणाकार बघतात: तापमान, घनता आणि ऊब किती वेळ धरून राहते. टोकामॅक आल्यापासूनच्या तीसेक वर्षांत हा गुणाकार सुमारे दहा हजार पटींनी वाढला. १९९७ मध्ये इंग्लंडच्याच 'जेट' यंत्रात २४ मेगावॅट उष्णता आत घातली आणि १६ मेगावॅट संमीलनातून मिळाली. आपल्या भाषेत, चूल पेटली पण तिनं जाळ धरला नाही. फुंकणी बाजूला ठेवता येत नव्हती.

आणि इथं पंचवीस वर्षांची पोकळी येते. जाळ धरायला यंत्र मोठं हवं, ते एका देशाला झेपेना. रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी १९८५ मध्ये एकत्र करायचं ठरवलं, करारावर सह्या २००६ मध्ये झाल्या, जोडणीला २०२० मध्ये हात लागला. दक्षिण फ्रान्समधला हा 'ईटर' प्रकल्प. भारत त्यात २००५ पासून बरोबरीचा भागीदार आहे. ५० मेगावॅट घालून ५०० काढायचे हे त्याचं उद्दिष्ट. २०२४ मध्ये वेळापत्रक पुन्हा सरकलं: प्रयोगांची सुरुवात २०३४, खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९. त्यातूनही वीज निघणार नाही, ते प्रयोगाचंच यंत्र आहे.

१९५५ ते २०३९. चौऱ्याऐंशी वर्षं. मला हे पचवायला जड जातं, पण मुलांना हेच आकडे देतो. तुमचं काय मत?

आगबोट | शनिवार, सकाळी ९.३२

सर, वाखूसा (वाचनखूण साठवली). तो टोमणा मारणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा आधी माफी. पण एक विचारतो. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतून बातमी आली होती की घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली. मी ती तेव्हा घरी सगळ्यांना वाचून दाखवली होती. मग पुढं काहीच का झालं नाही?

पारा | शनिवार, सकाळी ११.०५

आगबोट, झालं की. त्याच प्रयोगशाळेत पुढे त्याहून मोठे आकडे मिळालेत. पण आकडा कशाचा ते नीट बघायला हवं.

ती कॅलिफोर्नियातली लिव्हरमोर प्रयोगशाळा. तिथं चुंबक नाहीत. मिरीच्या दाण्याएवढी इंधनाची गोळी सोन्याच्या छोट्या नळकांड्यात ठेवतात आणि १९२ लेझर किरण एकाच क्षणी सोडतात. ५ डिसेंबर २०२२ ला लेझरनं २.०५ मेगाज्यूल दिले, गोळीतून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. चुलीनं जाळ धरला, असं पहिल्यांदाच झालं. हे यश शंभर टक्के खरं.

आता विजेच्या बिलाच्या भाषेत मांडू. ३.६ मेगाज्यूल म्हणजे १ युनिट. गोळीतून मिळालं ते एक युनिटही नव्हतं. आणि ते लेझर पेटवायला भिंतीतल्या सॉकेटमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते, म्हणजे ८३ युनिटं. वीजघर करायचं तर लेझर कित्येक पटींनी कमी खाणारे हवेत आणि असा बार सेकंदाला दहाएक वेळा उडायला हवा. तिथं दोन बारांमध्ये तास जातात. मुळात ते यंत्र वीज बनवायला बांधलेलं नाही. अण्वस्त्रांची चाचणी न करता ती समजून घ्यायला बांधलंय. बातम्यांत हे मागं पडलं.

जेटचंही सांगतो. ३ ऑक्टोबर २०२३ ला, बंद होण्याच्या दोन-तीन महिने आधी, त्यानं पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल दिले. १९ युनिटं. इंधन लागलं ०.२ मिलिग्रॅम, चिमटीत धरता येणार नाही एवढं. तेवढी उष्णता आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशातून काढायची तर चारएक किलो जाळावा लागेल. या एका गुणोत्तरासाठी लोक आयुष्यं घालवतात.

उधाण | शनिवार, दुपारी १.४८

माहितीपूर्ण धागा. पण कुणीतरी विरुद्ध बाजू मांडायला हवी.

मी सौरपंपांच्या कामात आहे, मराठवाड्यात. शेतकऱ्याला रात्री दोन वाजता वीज येते म्हणून तो रात्री दोन वाजता मोटर चालू करायला जातो, अंधारात, सापाविंचवांतून. त्याला २०३९ सांगून उपयोग काय? सौरऊर्जेचा दर लिलावात अडीच रुपयांच्या आसपास आलाय. बॅटरी दर वर्षी स्वस्त होतेय. ईटरच्या बांधकामातला सुमारे नऊ टक्के वाटा आपण उचलतोय. हा पैसा पंपाला का नको? मी चिडून विचारत नाहीये. मला खरंच उत्तर हवंय.

सागरगड | शनिवार, दुपारी ३.२०

उधाण, तुमचा प्रश्न मला पटतो, आणि पंपाबाबत तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे. फ्यूजनच्या आशेवर एक सौर पॅनेलसुद्धा थांबवू नये. पुढच्या वीस वर्षांतला कोळसा कमी करायचं काम सूर्य, वारा, पाणी आणि असलेल्या अणुभट्ट्यांनीच करायचंय. हे मी वर्गातही असंच सांगायचो.

पण वाट्याबद्दल एक समजून घ्या. आपण तिथं मुख्यतः रोख रक्कम देत नाही, वस्तू बनवून देतो. त्या इथल्या कारखान्यांत बनतात, आणि बदल्यात त्या यंत्राचं सगळं ज्ञान आपल्याला बरोबरीनं मिळतं. हे काम केलेलं कुणी इथं असेल तर लिहावं.

टीग_टॉर्च | शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार सर. तुमच्या शेवटच्या ओळीमुळे लिहितोय, एरवी मी फक्त वाचतो.

ईटरचं बाहेरचं भांडं, त्याला क्रायोस्टॅट म्हणतात, ते भारतानं दिलं. लार्सन अँड टुब्रोच्या हजिराच्या कारखान्यात बनलं. स्टेनलेस स्टीलचं, साधारण ३० मीटर रुंद, तेवढंच उंच, ३८५० टन. एवढं मोठं भांडं जहाजावर मावणार कसं? म्हणून ५४ तुकड्यांत बनवलं, समुद्रानं नेलं आणि तिकडे शेड उभारून जोडलं. मी वेल्डिंग इन्स्पेक्शनमधला माणूस. त्या कामात थोडा होतो.

लोकांना वाटतं अवघड काय ते प्लाझ्मा-बिझ्मा. मी सांगतो, अवघड आहे ते स्टीलचं आकसणं. जाड प्लेटला वेल्ड मारलं की धातू वितळतो, मग थंड होताना आत ओढतो. एका बाजूनं सलग मारत गेलात तर अख्खा तुकडा वाकतो. म्हणून दोघं वेल्डर समोरासमोर, एकाच वेगानं. थोडं मारायचं, थांबायचं, मोजायचं, बाजू बदलायची. मग रेडिओग्राफी, मग अल्ट्रासॉनिक. हेलियमनं गळती शोधायची ती वेगळीच. केसाएवढं छिद्र राहिलं तरी आतली निर्वात पोकळी धरत नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट. तळोज्याच्या एका वर्कशॉपात (नाव नको) प्रेशर व्हेसलचा फ्लँज (जोडायची जाड कडी) होता. डिस्पॅचची घाई, सुपरवायझर म्हणाला एका दमात मारा. आम्ही मारला. सकाळी थंड झाल्यावर स्ट्रेट एज लावली तर चार मिलिमीटर ओढलेला. चार! फ्लँज भंगारात, दोन महिने गेले. त्या दिवसानंतर मी कुणाच्याही घाईला ऐकलेलं नाही.

म्हणून २०२२ मध्ये ईटरवर काय सापडलं ते वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. आतल्या निर्वात भांड्याचे प्रचंड तुकडे एकमेकांना जिथं जुळायला हवेत तिथं मापं चुकलेली. आणि उष्णतेपासून आडोसा करणाऱ्या पत्र्यांवरच्या थंड करायच्या पाइपांना बारीक तडे. पाइप जोडताना मागं राहिलेल्या क्लोरीनमुळे. बसवलेला तुकडा पुन्हा बाहेर काढून दुरुस्तीला घेतला. वेळापत्रक गेलं ते बऱ्याच अंशी अशा गोष्टींनी. बाहेरच्याला हा ढिसाळपणा वाटेल. मला नाही वाटत. यंत्रात बसवून टाकून गप्प राहणं सोपं होतं. त्यांनी उघडून सांगितलं आणि काढलं.

आपला तळाचा तुकडा, १२५० टनांचा, २०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या ऐन धामधुमीत, खड्ड्यात उतरवला. मी तो घरी मोबाइलवर बघितला. क्रेनचा हूक इंच इंच खाली येत होता आणि मी खुर्चीवर बसू शकलो नाही.

चौथी_घंटा | शनिवार, रात्री १०.४०

टीग_टॉर्च दादा, तुमच्या प्रतिसादासाठी वेगळा धागा हवा. +१००.

कातळसडा | रविवार, सकाळी ८.०५

मी राजापूर तालुक्यातली. जैतापूरच्या वेळी आमच्या घरात रोज सभा भरायच्या. सहा अणुभट्ट्या, ९९०० मेगावॅट. तेव्हा आम्हाला फुकुशिमाबद्दल विचारलं की अधिकारी एक चकचकीत पुस्तिका हातात द्यायचे. त्यामुळे 'सुरक्षित' हा शब्द ऐकला की मी सावध होते.

सरळ विचारते. उद्या असा फ्यूजनचा प्रकल्प आमच्या सड्यावर आला तर काय फुटू शकतं, काय गळू शकतं, आणि कचरा किती पिढ्या राहील?

पारा | रविवार, सकाळी १०.५०

कातळसडा ताई, पुस्तिका न देता सांगतो.

फुटण्याचं: युरेनियमच्या भट्टीत काही महिन्यांचं इंधन आत असतं, आणि ती बंद केली तरी उष्णता निघत राहते. फुकुशिमात तेच नडलं. टोकामॅकमध्ये एका वेळी सगळं मिळून ग्रॅमभर इंधन असतं. कुठं काही बिघडलं, एखादी हवेची झुळूक जरी आत शिरली, तरी प्लाझ्मा थंड होतो आणि काम थांबतं. साखळी अभिक्रिया नाहीच. चुंबकांत साठलेली ऊर्जा मात्र मोठी असते, तिनं यंत्राचं नुकसान होऊ शकतं. ते यंत्राच्या आत.

गळण्याचं: इथं खरी काळजी आहे, आणि ती ट्रिटियमची. तो किरणोत्सारी हायड्रोजन, ड्यूटेरियमबरोबरचं दुसरं इंधन. ऑक्सिजनशी जोडला गेला की पाणीच होतो, मग पाणी जिथं जाईल तिथं जातो. धातूंतूनही झिरपतो. त्याचा साठा, त्याचं मोजमाप, खाडीत काय सोडलं जातंय, हे सगळं गावाला दिसलं पाहिजे. असा प्रकल्प आला तर तुमच्या सभेतला पहिला प्रश्न हाच असावा.

कचऱ्याचं: संमीलनाची राख म्हणजे हेलियम, निरुपद्रवी. पण सुटणारे न्यूट्रॉन भिंतीत घुसतात आणि भिंतीचं स्टीलच किरणोत्सारी होतं. त्यासाठी वेगळी स्टीलं बनवतात. आपल्याकडेही कल्पाक्कम, गांधीनगर आणि हैदराबादच्या मिधानीनं मिळून असं एक स्टील विकसित केलंय. योग्य स्टील वापरलं तर शंभरेक वर्षांत ते बरंचसं निवतं, हजारो वर्षं पुरून ठेवायची गरज नसते. शंभर वर्षं म्हणजेही चार पिढ्या. मी ते लपवणार नाही.

रातराणी | रविवार, दुपारी १२.३०

माझं बालपण अणुशक्तीनगरमध्ये गेलं, बाबा ट्रॉम्बेला होते. १९८९ चा मार्च-एप्रिल मला अजून आठवतो. अमेरिकेत यूटाच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की पॅलेडियमची कांडी जड पाण्यात बुडवून वीज सोडली की टेबलावरच संमीलन होतं, साध्या तापमानाला. आपल्याकडे जड पाणी भरपूर, त्यावर काम करणारी माणसंही तयार. भाभा अणुसंशोधन केंद्रात एकाच वेळी अनेक गट कामाला लागले. तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार स्वतः त्यात होते.

बाबा रात्री उशिरा यायचे. आई ताट वाढायची आणि ते जेवता जेवता डाव्या हातानं वहीत आकडे लिहीत बसायचे. एरवी कधी मोठ्यानं न बोलणारा माणूस आईला म्हणाला होता, "हे खरं ठरलं ना, तर चुलीपासून चंद्रापर्यंत सगळं बदलेल." ट्रॉम्बेत ट्रिटियम दिसल्याचं त्यांनी प्रसिद्धही केलं, वर्षअखेर मोठा अहवाल निघाला. पण जगात कुणालाच ते हुकमी पुन्हा करून दाखवता येईना. एकदा दिसायचं, दहा वेळा नाही. हळूहळू सगळं निवलं.

बाबा त्याबद्दल कधी कडवटपणे बोलले नाहीत. पुन्हा करून दाखवता आलं नाही म्हणजे आपलं म्हणणं मागं घ्यायचं, एवढंच म्हणाले. ती वही माझ्याकडे आहे.

अवांतर झालं असेल तर क्षमस्व.

सागरगड | रविवार, दुपारी १.१५

रातराणी, अवांतर कसलं. ती वही जपा. त्या वर्षी मी दहावीच्या वर्गाला उत्साहानं कोल्ड फ्यूजन शिकवलं होतं आणि पुढच्या वर्षी नव्या वर्गाला ते का टिकलं नाही हे शिकवलं. दुसरा तास जास्त चांगला झाला होता.

चार्ल्सकाठ | रविवार, रात्री ८.५०

बॉस्टनहून. दोन गोष्टी जोडते.

पहिली पैशांची. १९७६ मध्ये अमेरिकन सरकारनं आराखडा केला होता: वर्षाला किती पैसा दिला तर फ्यूजनचं वीजघर किती साली उभं राहील. वेगवेगळ्या रेषा काढल्या. सर्वांत कंजूष रेषेचा अर्थ होता, एवढ्याच पैशांत वीजघर कधीच होणार नाही. तेलाच्या संकटामुळे काही वर्षं पैसा आला, मग तेल स्वस्त झालं आणि अनुदान त्या सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली गेलं. 'कायम तीस वर्षं' म्हणणाऱ्यांना मी हा आलेख दाखवते. ती वर्षं जितक्या पैशांच्या हिशेबानं सांगितली होती, तितका पैसा कधी मिळालाच नाही.

दुसरी इथली, आमच्या शेजारची. टोकामॅकमध्ये चुंबकीय क्षेत्र दुप्पट केलं तर तेवढ्याच आकारात शक्ती सोळा पटींपर्यंत वाढते. ईटरचे चुंबक निओबियम-टिनचे, वेटोळ्यापाशी साधारण १२ टेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). २०२१ च्या सप्टेंबरात एमआयटी आणि तिथूनच निघालेल्या कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स या कंपनीनं नव्या अतिसंवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) फितीचं वेटोळं २० टेस्लापर्यंत नेलं. म्हणून त्यांचं 'स्पार्क' यंत्र ईटरच्या मानानं पिटुकलं आहे. ते डेव्हन्स गावात उभं राहतंय, माझ्या घरापासून तासाभराच्या आत. तारीख त्यांचीही सरकलीय, आता २०२७ म्हणतात. मी उत्साहात आहे, पण खासगी कंपन्यांच्या तारखांकडे मी गुंतवणूकदारांना दिलेला शब्द म्हणून बघते. प्लाझ्मानं दिलेला शब्द नव्हे तो.

फाल्गुनवारा | सोमवार, सकाळी ७.४०

मी एमएस्सीला असताना उन्हाळ्यात गांधीनगरजवळच्या भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्थेत काही आठवडे होतो. १९८६ ची संस्था, प्रेधीमान कृष्ण काव यांनी उभी केलेली. त्यांचा 'आदित्य' टोकामॅक १९८९ पासूनचा, देशात बांधलेला पहिला. आता सुधारून 'आदित्य-यू' झालाय. दुसरा 'एसएसटी-१', अतिसंवाहक चुंबकांचा. त्याला फार वर्षं लागली, पहिला प्लाझ्मा २०१३ मध्ये मिळाला.

शॉटच्या, म्हणजे यंत्र एकदा चालवण्याच्या, वेळी यंत्राच्या दालनात कुणी नसतं. सगळे कंट्रोल रूममध्ये. उलटी मोजणी, मग एक जड 'धप्प', आणि संपलं. सेकंदाच्या काही दशांशांचा खेळ. पहिल्यांदा मला कळलंच नाही की झालं. मग कॅमेऱ्याची फीत हळू चालवून दाखवली. मला वाटलं होतं मध्ये लखलखाट दिसेल. तसं नाही! मधला भाग जवळजवळ काळा, आणि कडेनं फिकट गुलाबी झालर. कारण मध्ये वायू इतका तापलेला असतो की डोळ्यांना दिसणारा प्रकाश तो देतच नाही. कडेला जिथं जरा निवतो तिथंच गुलाबी दिसतो. सर्वांत तापलेली जागा सर्वांत अंधारी दिसते, हे बघून मी त्या स्क्रीनसमोरून हललो नाही.

तिथल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांना मी विचारलं, इतकी वर्षं हेच करताना थकवा येत नाही का. ते म्हणाले, "शॉट नंबर बघ." पाच आकडी होता.

पारा | सोमवार, सकाळी ९.१५

फाल्गुनवारा, सुंदर लिहिलंत.

एक मुद्दा राहिलाय, आणि माझ्या मते पुढची वाट त्यावर अडेल. इंधनाचा दुसरा भाग, ट्रिटियम. ड्यूटेरियम समुद्रात अमाप आहे, घनमीटरमागे ३० ग्रॅमहून थोडा जास्त. ट्रिटियम निसर्गात जवळपास नाहीच. १२.३ वर्षांत निम्मा विरतो, त्यामुळे साठवूनही राहत नाही. जगातला बिगरलष्करी साठा वीस-तीस किलोंच्या आसपासचा, बहुतेक कॅनडाच्या जड पाण्याच्या भट्ट्यांतून आलेला. आपल्या तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्याही जड पाण्याच्याच, तिथंही जड पाण्यात तो बनत राहतो. पण १००० मेगावॅट संमीलन वर्षभर अखंड चालवायचं तर ५५ किलो लागेल. वर्षाला!

म्हणजे वीजघरानं आपला ट्रिटियम आपणच बनवायचा. भिंतीत लिथियम ठेवायचं, न्यूट्रॉन त्यावर आपटला की ट्रिटियम मिळतो. एका संमीलनातून एकच न्यूट्रॉन सुटतो आणि एकच ट्रिटियम परत हवा, त्यात काही वाया जाणार. म्हणून मध्ये शिसं किंवा बेरिलियम घालून न्यूट्रॉन वाढवायचे. कागदावर जमतं. पूर्ण आकारात अजून कुणीही करून दाखवलेलं नाही. भारतानं शिसं-लिथियमवर आधारलेली स्वतःची रचना मांडली आहे. मला विचाराल तर तापमानाचे विक्रम पुरे झाले. आता सगळ्यात हुशार मुलं या भिंतीच्या कामाला लागली पाहिजेत.

उधाण | सोमवार, दुपारी २.००

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पंप आधी. पण वस्तू बनवून द्यायच्या वाट्याबद्दल मला माहीत नव्हतं, आणि टीग_टॉर्च यांचा प्रतिसाद मी आमच्या साइटवरच्या दोन्ही वेल्डरना वाचून दाखवला.

चौथी_घंटा | सोमवार, संध्याकाळी ६.२५

माझी मुलगी अकरावीला आहे, सायन्स. हा धागा तिनं माझ्या आधी वाचून काढला आणि आता म्हणते मला यातच काहीतरी करायचंय. भौतिकशास्त्रात तिला गती आहे, पण हातानं वस्तू उघडायची जास्त आवड. घरातला मिक्सर दोनदा उघडून झालाय. तिनं काय धरावं?

फाल्गुनवारा | सोमवार, रात्री ९.००

ताई, बीएस्सी-एमएस्सी फिजिक्स हा एक रस्ता. पण तिला हातानं करायला आवडत असेल तर मेटलर्जी किंवा मेकॅनिकल धरू दे. व्हॅक्यूम, क्रायोजेनिक्स (अतिथंड तापमानाचं तंत्र), चुंबक, स्टील या सगळ्यांत माणसं कमी पडतात. पुढे भाटला उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करता येतो.

टीग_टॉर्च | सोमवार, रात्री ९.४५

आणि ठरवायच्या आधी तिला एकदा चालू वर्कशॉपात उभं राहू दे. पुस्तकात रूट पास, म्हणजे वेल्डचा पहिला थर, ही एक रेघ असते. समोर बघितलं की कळतं, वितळलेला धातू थेंबासारखा पुढं सरकतो, तो हातानं सांभाळावा लागतो, आणि मागच्या बाजूनं आर्गॉन सोडला नसेल तर जोड काळा पडतो. मी आता पनवेलला असतो. शनिवारी आमच्याकडे टीगचं काम चालू असतं. तिला घेऊन या, सुती कपडे आणि बंद बूट घालून. काळ्या काचेचं हेल्मेट माझ्याकडे एक जास्तीचं आहे.